दक्षिणेची वाट: वरसईच्या भिक्षुकाचा प्रवास

दक्षिणेसाठी घाट चढून देशावर यायचे, हा कोकणातल्या वैदिकांचा रिवाज पेशवाईत चांगलाच फोफावला. श्रावणात पुण्याला पर्वतीजवळच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई आणि तिच्यासाठी दूरदूरचे भिक्षुक पायी येत. 1818 मध्ये पेशवाई गेली. कंपनी सरकारचा कमिशनर एल्फिन्स्टनने लोकांचा रोष नको म्हणून दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला सुमारे 50,000 रुपये ठेवून तिचा ओघ मात्र हळूहळू वळवला. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशातून. 1851 पासून मराठी ग्रंथांनाही त्यातून बक्षिसे मिळू लागली. नव्या शिक्षितांची सोय झाली, पण निव्वळ याज्ञिकीवर पोट असणाऱ्याला पुणे परके झाले. त्याला उरल्या त्या उत्तरेकडच्या मराठी गाद्या: ग्वाल्हेर, इंदूर, धार, झाशी.

या वाटेचा आतून लिहिलेला वृत्तान्त पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा आहे. घरात कर्ज होते आणि मिळकत तुटपुंजी. अशात ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखो रुपये खर्च होणार, अशी बातमी आली. 1857 मध्ये गोडसे भटजी चुलत्यांबरोबर निघाले. एकट्याने एवढा पल्ला गाठणे धोक्याचे, म्हणून घरातले वडीलधारे माणूस सोबतीला असणे हा व्यवहारच होता. पदरचे पैसे कमी. ओळख, पाठांतर आणि वाटेतल्या गृहस्थाघरचा शिधा हीच खरी शिदोरी.

महूच्या अलीकडे त्यांना दोन शिपाई भेटले. लवकरच मोठा दंगा होणार, हे त्यांनी सांगून टाकले. चरबी लावलेल्या काडतुसांची हकिगतही सांगितली. इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी 84 कलमे काढल्याची जी कथा गोडसे नोंदवतात, ती इतिहास म्हणून टिकत नाही. पण फलटणींत आणि बाजारात लोक काय बोलत होते, हे तिच्यातून जेवढे कळते तेवढे सरकारी कागदातून कळत नाही. महूला उठाव झाला तो 1 जुलैला. भटजी तरीही परत फिरले नाहीत. रिकाम्या हाताने गेल्यास कर्ज तसेच राहणार होते, आणि ही भीती त्या घडीला बंडाच्या भीतीहून लहान नव्हती.

वाट पुढे झाशीला पोचली आणि तिथे त्यांना आश्रय मिळाला. राणी लक्ष्मीबाईंचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, दरबारातला वेश, दानधर्म यांचे वर्णन ते बारकाईने करतात. त्यात यजमान पारखणाऱ्या भिक्षुकाची नजर लपत नाही. मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोझच्या इंग्रज फौजेने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरच्या लुटीची हकिगत हा या वृत्तान्ताचा सर्वांत अस्सल भाग म्हणावा लागेल. आधी सोनेनाणे आणि चांदी गेली, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, आणि शेवटी लुटारूंनी धान्यसुद्धा सोडले नाही. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली. पोथ्यांवर जगणाऱ्या माणसाने ती पाहिली, म्हणून तिची नोंद राहिली. भटजींनी जमवलेली दक्षिणाही अर्थात या लुटीत गेली.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी झाशीतून निसटलेल्या राणी अचानक भेटल्या. पठाणी वेश, अंगावर धूळ, जिवाला तहान. भटजी पाणी शेंदायला पुढे झाले, पण बाईंनी ते करू दिले नाही. स्वतःच पाणी काढून त्या ओंजळीने प्यायल्या. एरवी भिक्षुक घेणारा आणि राणी देणारी; इथे देण्याची पाळी भटजींवर आली होती, आणि तीही बाईंनी मोडून काढली.

तिथून ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी अशी भ्रमंती झाली. गोडसे परतले ते द्रव्य घेऊन नव्हे, तर गंगेची कावड खांद्यावर घेऊन. कावड सोवळ्याने आणायची, पायी आणायची, वाटेतले मुक्काम तिच्या बेताने करायचे. गंगोदकाने आईवडिलांना स्नान घालून त्यांनी यात्रा पूर्ण केली. दक्षिणा नाही तर पुण्य, असा हिशेब जुळवण्याची सोय या व्यवसायात होती. सावकाराच्या वहीत मात्र तो जुळत नसे.

जवळजवळ 25 वर्षांनी, इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, भटजींनी ही हकिगत लिहून काढली. राणीविषयीचा आदर त्यात उघड होता, त्यामुळे सरकारी रोषाची धास्ती होती. लेखक हयात असताना ती छापली गेली नाही. वैद्यांनी ती 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. त्यांनी भाषेवर बराच हात फिरवला, काही मजकूर गाळला. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ पाठ छापला. दोन्ही पाठ शेजारी ठेवले की मुळातली ओबडधोबड, बोलीला धरून चालणारी वाक्ये वैद्यांच्या हाताखाली किती गुळगुळीत झाली होती, ते दिसते.