गटवार ओळमर्यादा

डेटाबेसमधील ओळींचे गट पाडून प्रत्येक गटातून ठरावीक क्रमाने मोजक्याच ओळी मिळविण्याच्या पद्धतीस गटवार ओळमर्यादा म्हणता येईल. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. जनगणनेच्या कोष्टकातून प्रत्येक तालुक्यातील सर्वाधिक लोकसंख्येची तीन गावे हवी असल्यास जिल्ह्याच्या एकत्रित यादीतील पहिली ३९ गावे घेऊन भागत नाही. मोठ्या गावांच्या तालुक्यांची नावे तीत वारंवार येतात, तर एखाद्या तालुक्यातील एकही गाव येत नाही. अशा यादीवर योजना आखल्यास तो तालुका वगळला जाण्याचा संभव असतो.

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात कोष्टक म्हणजे ओळींचा संच होय. संचाला क्रम नसल्याने ‘पहिल्या तीन ओळी’ या कल्पनेस तेथे स्थान नव्हते. डी. डी. चेंबरलिन व आर. एफ. बॉइस यांच्या सीक्वेल (१९७४) या भाषेतून पुढे एसक्यूएल विकसित झाली. तिच्यातील ‘ग्रुप बाय’ या रचनेने गटाची बेरीज किंवा कमाल संख्या मिळे. मात्र गटागणिक एकच ओळ उरे. म्हणून प्रत्येक गावासाठी त्याच तालुक्यातील अधिक लोकसंख्येची गावे मोजीत व ती तीनपेक्षा कमी भरल्यासच ते गाव ठेवीत. या रीतीने १०० गावांच्या तालुक्यासाठी सुमारे १०,००० तुलना कराव्या लागत.

एसक्यूएलच्या २००३ च्या मानकात गवाक्ष फलनांचा समावेश झाला. त्यांपैकी ‘रो नंबर’ हे फलन तालुकावार विभागांतील ओळींना लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने १, २, ३ असे क्रमांक देते. बाहेरील पृच्छेत तीनपर्यंतचे क्रमांक निवडतात. ही सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००९ व मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आली. ‘लॅटरल’ जोडणीत प्रत्येक तालुक्यासाठी स्वतंत्र अंतर्गत पृच्छा चालते. तालुका व लोकसंख्या यांवर संयुक्त अनुक्रमणिका असल्यास सर्व गावे न वाचता सुमारे ३९ नोंदींवर काम भागते.

तिसऱ्या स्थानी दोन गावांची लोकसंख्या समान असल्यास ‘रो नंबर’ त्यांतील एकच ठेवते आणि कोणते, याची निश्चिती नसते. ‘रँक’ हे फलन दोन्ही गावे ठेवते. सबब समान स्थानांचा नियम पृच्छेतच स्पष्ट सांगणे आवश्यक असते. अन्यथा एखादे गाव केवळ योगायोगाने यादीबाहेर राहते.