चहा-बिस्किटांचे ग्रामण्य आणि वर्तमानपत्री विनोद

एखाद्या समाजाची पारख करावयाची तर त्याचे ग्रंथ पाहावेत, असे पंडित सांगतात. ते खरेच आहे. परंतु तो समाज कशाला हसतो हे पाहिले, तरीही पुष्कळ कळते. आज आपण असाच एक लहानसा विषय घेऊ. केक, पाव आणि बिस्कीट ही भट्टीतली मंडळी वर्तमानपत्रांच्या विनोदात कशी वावरली, हा तो विषय होय.

प्रथम विलायतेकडे पाहू. राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत वारली आणि सातवा एडवर्ड गादीवर आला. १९१० च्या मे महिन्यात तोही गेला. या नऊ-दहा वर्षांत इंग्लंडात वर्तमानपत्रे घरोघर पोचली होती आणि ‘पंच’सारखी विनोदी साप्ताहिके जोरात होती. त्यांतल्या थट्टेचे काही विषय ठरलेलेच असत. नव्या नवरीने हौसेने केलेला केक दगडासारखा व्हावा आणि नवऱ्याने तो मुकाट्याने चघळावा, हा एक. आगगाडीच्या स्टेशनावरचा शिळा बन, हा दुसरा. लग्नाच्या केकचा तुकडा उशीखाली ठेवून भावी नवरा स्वप्नात पाहणाऱ्या मुली, हा तिसरा. राजकारणालाही भट्टीचा वास लागला होता. जोसेफ चेंबरलेन याने परदेशी मालावर जकात बसवावी म्हणून १९०३ साली मोहीम काढली. ‘जकात बसेल आणि तुमचा पाव लहान होईल,’ असे विरोधक म्हणू लागले. तेव्हा त्याने बर्मिंगहॅमच्या सभेत दोन पावच लोकांपुढे धरले आणि यांत फरक तो किती, असे विचारले. पुढे १९०६ च्या निवडणुकीत मोठा पाव आणि लहान पाव यांची चित्रे भिंतीभिंतींवर झळकली आणि चेंबरलेनच्या पक्षाचा धुव्वा उडाला.

या साऱ्या थट्टेत प्रश्न एकच आहे : पदार्थ साधला कसा आणि पडला कितीला? तो कोणाच्या हातचा, हे तेथे सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. आपल्या स्वयंपाकघरात चूल होती, तवा होता. पण पावाची भट्टी नव्हती. भट्टी होती ती गोवेकर ख्रिस्ती, मुसलमान किंवा इराणी पाववाल्याकडे. पीठ फुगवायला ताडी आणि केकमध्ये अंडी! वसईकडे तर पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेला गाव बाटला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. म्हणजे पाव गोड की आंबट, हा प्रश्न पुढचा. आधी तो शिवायचा की नाही, हेच ठरायचे होते.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यास पंचहौद मिशनचे प्रकरण घडले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. त्यांच्या खटपटीने शहरातील प्रतिष्ठित मंडळींना मिशनमध्ये व्याख्यानाचे बोलावणे गेले. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. मंडळी घरी गेली. पुढे गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली! त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते.

श्रोतेहो, हा विनोदच होता. सभेत सुधारणेवर बोलणारे आणि सुधारणेवर टीका करणारे, असे दोघेही एकाच टेबलाशी बसलेले दाखवून देण्याची ती खोडी होती. पण आपल्याकडे हसू लवकर विरले आणि ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे ज्ञातीने घातलेला बहिष्कार आणि त्यावरची भांडणे. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी मित्रांच्या घरची अडचण पाहून १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. ही अडचण कोणाची होती? चहा पुरुषांनी घेतला; पण सणावाराला माहेरी जाणे अडले ते लेकी-सुनांचे. एका बिस्किटाची किंमत बिस्कीट न पाहिलेल्या बायकांनी दिली.

पुढच्या वीस वर्षांत हवा हळूहळू पालटली. १८९८ साली दिल्लीत ‘हिंदू बिस्कीट कंपनी’ निघाली. बिस्किटाला धर्म चिकटवल्यावर ते खाणे सोपे झाले! १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हा देशी धंद्याच्या जोडीला हाडांच्या कोळशाने साखर शुद्ध करतात हा मुद्दाही पुढे आला. देशाभिमान आणि सोवळे एकाच ताटात बसले. याच काळात, १९०२ पासून, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ‘विविधज्ञानविस्तारा’त विनोदी लेख लिहू लागले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांच्या तोंडून त्यांनी रूढींची आणि सोवळ्याओवळ्याची यथेच्छ टर उडविली. १९१० साली हे लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने पुस्तकरूप झाले. नावही खाण्याचेच! त्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत पंचहौदाची हकीकत एका स्त्रीने शांतपणे सांगितली. जी गोष्ट वीस वर्षांपूर्वी धर्मसंकट होती, ती आता आठवण झाली होती.

आपल्या खानदेशात या गोष्टी निराळ्या वाटेने आल्या. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच्या थोडे आधी, १९०० च्या सुमारास, तापी खोऱ्यातून सुरतेची आगगाडी सुरू झाली आणि दोंडाईचे सुरतेला जोडले गेले. सुरत म्हणजे नानकटाईचे गाव. तेथील डच भट्टी एका पारशाने चालविली आणि लोकांच्या रुचीप्रमाणे ताडी-अंड्यांवाचूनचा हा खुसखुशीत प्रकार केला, असे सांगतात. आपले तूप, साखर आणि पीठ डब्यात घालून भट्टीवाल्याकडे न्यायचे आणि डोळ्यांदेखत नानकटाई भाजून आणायची, ही दिवाळीची रीत महाराष्ट्रात पुष्कळांनी पाहिली आहे. जिन्नस घरचा, भट्टी परक्याची! शास्त्रार्थ न करता आपल्या बायकांनी काढलेली ही तडजोड आहे. ज्यांच्या घरी खापरावर मांडे भाजतात, त्यांना विस्तवाची ही विद्या परकी वाटण्याचे कारणही नव्हते.

मात्र या हसण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पंचहौदाचा सारा वाद टेबलाशी बसलेल्यांचा होता. ज्यांना टेबलाजवळच काय, पाणवठ्यावरही येऊ देत नव्हते, त्यांचे नाव त्या यादीत येणे शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी विनोद पुरला नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. आणि आपल्या अमळनेरचे साने गुरुजी १९४७ साली पंढरपुरास उपोषणाला बसले, तेव्हा तेथील मंदिर सर्वांना खुले झाले.

आज दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च आणि द्रव ग्लुकोज तयार होते. गोळ्या-बिस्किटांच्या धंद्याला लागणारा तो माल. वाढदिवसाला केक आणणे ही नवलाई उरलेली नाही. दुकानात आपण विचारतो : अंड्याचा की बिनअंड्याचा? मग किंमत विचारतो, आणि घरी आल्यावर केक बिघडला असेल तर हसतो. कोणी केला, हे सहसा विचारीत नाही. एवढे होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. मात्र हा प्रश्न दुकानात सुटला म्हणजे घरात सुटला, असे समजू नये. लग्नाच्या पंगतीत, पाण्याच्या माठापाशी, भाड्याची खोली देताना तो अजून कोठे कोठे विचारला जातो. तो कानी आला की हसून सोडून देऊ नये, एवढेच या बिस्किटाच्या इतिहासातून घ्यावयाचे.