काडतूस पुनर्भरणाची साधने

काडतूस पुनर्भरण म्हणजे बंदुकीतून एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जपून ठेवून तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवण्याची क्रिया होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा नेमबाज व शिकारी यांचा जुना घरगुती छंद आहे. आपल्या बंदुकीला नेमके जुळणारे काडतूस तयार करणे, खर्च कमी करणे आणि बाजारात सहज न मिळणारी काडतुसे उपलब्ध करून घेणे ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत.

नवशिक्याच्या दृष्टीने साधनांची निवड हा या छंदातील पहिला महत्त्वाचा निर्णय असतो. तयार काडतुसात दारू किती पडली, हे बाहेरून पाहून कळत नाही. त्यामुळे किती जलद काम होते यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर मोजमाप व पडताळणी करता येते की नाही, या निकषावर साधने निवडली जातात.

## काडतुसाची रचना

आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेला प्रायमर, आतील धूरहीन दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर आघातक प्रायमरवर आदळतो, त्यातील स्फोटक मिश्रण पेटते आणि ठिणगी छिद्रावाटे दारूपर्यंत पोहोचते. दारू जळून निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे ढकलली जाते. या क्रियेत पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठीला चिकटते व दाब ओसरल्यावर किंचित आकसते. चार भागांपैकी पुन्हा वापरता येतो तो हा एकच भाग होय.

प्रत्येक पुंगळी पुनर्भरणास योग्य नसते. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून वापरलेला प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. बर्डन पद्धतीत ऐरणीसारखा उंचवटा पुंगळीतच असतो आणि छिद्रे बाजूला असतात, त्यामुळे हे काम अवघड होते. बॉक्सर पद्धत ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची, तर बर्डन पद्धत अमेरिकी संशोधक हायरम बर्डन यांची. दोन्हींचा उगम १८६६ च्या सुमाराचा आहे. पुढे अमेरिकेत बॉक्सर पद्धत रुळली आणि युरोपच्या मोठ्या भागात बर्डन पद्धत. घरगुती पुनर्भरण अमेरिकेत अधिक फोफावण्याचे हे एक तांत्रिक कारण आहे.

.२२ रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते व आघाताने ती कड चेपली जाते. म्हणून या काडतुसाचे पुनर्भरण व्यवहारतः होत नाही.

## इतिहास

धातूची पुंगळी प्रचारात आल्यानंतर लवकरच अमेरिकेच्या पश्चिम भागातील शिकारी ती पुन्हा भरून वापरू लागले. दूरच्या वस्त्यांत तयार काडतुसे मिळणे कठीण व महाग होते. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या आयडियल कंपनीचे सांडशीसारखे हातसाधन या काळात लोकप्रिय झाले. ही कंपनी १९२५ मध्ये लायमन कंपनीने विकत घेतली.

१८८४ मध्येच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी धूरहीन दारू तयार केली. काळी दारू पुंगळी भरेपर्यंत घातली जात असे. धूरहीन दारू मात्र त्याच वजनात कितीतरी अधिक ऊर्जा देते आणि अनेकदा पुंगळीचा थोडाच भाग व्यापते. त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने दारू भरण्याचे दिवस संपले आणि अचूक वजनकाटा अपरिहार्य ठरला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या छंदाला उद्योगाचे रूप आले. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात आरसीबीएस, तर जॉईस हॉर्नडी यांनी १९४९ मध्ये नेब्रास्कात हॉर्नडी ही कंपनी सुरू केली. ब्रूस हॉजडन यांनी सैन्याकडील शिल्लक दारू विकत घेऊन ती नागरी बाजारात आणली. रिचर्ड ली यांचा १९५८ मधील ली लोडर हा हातोडीने चालवायचा लहान संच स्वस्त असल्याने अनेकांच्या हाती पोहोचला.

## प्रक्रियेचे टप्पे

साधनांचे प्रयोजन समजण्यासाठी कामाचा क्रम माहीत असणे आवश्यक आहे.

१. रिकामी पुंगळी स्वच्छ करून तिला तडा, फुगवटा वा बुडाजवळ चकाकते कडे आहे का हे पाहणे. असे कडे दिसल्यास पुंगळी तेथून तुटण्याची शक्यता असल्याने ती टाकून दिली जाते.
२. डायमध्ये दाबून पुंगळी मूळ मापावर आणणे व जुना प्रायमर काढणे.
३. लांबी मोजणे व वाढली असल्यास कातरून योग्य मापाची करणे.
४. नवा प्रायमर बसवणे.
५. तोललेली दारू भरणे व सर्व पुंगळ्यांतील पातळी उजेडात पाहणे.
६. ठरलेल्या खोलीपर्यंत गोळी बसवून काडतुसाची एकूण लांबी तपासणे.

## साधनांची निवड

### भरणपुस्तिका

सर्वांत आधी घ्यावयाची वस्तू म्हणजे छापील भरणपुस्तिका. गोळ्या व दारूचे उत्पादक आपल्या प्रयोगशाळेत दाब मोजून अशा पुस्तिका प्रसिद्ध करतात. त्यांत विशिष्ट काडतूस, गोळी व दारू यांच्या जुळणीसाठी आरंभीचे आणि कमाल प्रमाण दिलेले असते. काम आरंभीच्या प्रमाणापासून सुरू करून पायरीपायरीने वर जावे, असा नियम आहे. गोळी, दारू, पुंगळी वा प्रायमर यांपैकी काहीही बदलले, तर पुन्हा आरंभीच्या प्रमाणावर यावे लागते. तोंडी ऐकलेले प्रमाण वापरणे धोकादायक समजले जाते. अमेरिकेत काडतुसांची मापे व दाबमर्यादा १९२६ मध्ये स्थापन झालेली सॅमी ही उद्योगसंस्था ठरवते, तर युरोपात हे काम सीआयपी ही आंतरराष्ट्रीय संस्था करते.

### प्रेस

पुंगळी डायमध्ये दाबण्यासाठी तरफेवर चालणारे जे यंत्र वापरतात त्यास प्रेस म्हणतात. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

* एकटप्पी प्रेस : यात एका वेळी एकच डाय बसतो. सर्व पुंगळ्यांवर एक क्रिया पूर्ण झाल्यावर डाय बदलून पुढील क्रिया केली जाते. वेग साधारणतः तासाला ५० ते १०० काडतुसे एवढाच असतो.
* टरेट प्रेस : फिरत्या माथ्यावर अनेक डाय कायम बसवलेले असल्याने ते वारंवार काढावे लागत नाहीत.
* प्रोग्रेसिव्ह प्रेस : तरफेच्या प्रत्येक ओढीसरशी अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळ्या क्रिया एकाच वेळी होतात व तासाला काही शे काडतुसे निघतात.

नवशिक्यासाठी सामान्यतः एकटप्पी प्रेसची शिफारस केली जाते. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर एकाच क्षणी चार-पाच ठिकाणी लक्ष द्यावे लागते आणि एखादी ओढ अर्धवट राहिली, तर एका पुंगळीत दोनदा दारू पडू शकते किंवा एखादी कोरडीच पुढे सरकते. एकटप्पी प्रेसवर प्रत्येक टप्प्यानंतर थांबावेच लागते, त्यामुळे चूक पुढच्या टप्प्यावर जाण्यापूर्वी लक्षात येते. बहुतेक प्रेस व डाय यांचे आटे ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे या एकाच मापाचे असल्याने एका कंपनीचे डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसवर चालतात. पुढे वेगवान यंत्र घेतले तरी पहिला प्रेस वाया जात नाही. पुंगळ्या कातरणे, नवी जुळणी तपासणे अशा कामांसाठी तो उपयोगी राहतो.

### डाय व पुंगळीधारक

डाय काडतुसाच्या प्रकारानुसार घ्यावा लागतो. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीसाठी सहसा तीन डायांचा संच लागतो आणि निमुळत्या मानेच्या रायफल पुंगळीसाठी दोन डायांचा. सरळ पुंगळीसाठी कार्बाइडचे अस्तर असलेला डाय घेतल्यास वंगण लावावे लागत नाही. रायफलच्या पुंगळीस मात्र वंगण आवश्यक असते, अन्यथा ती डायमध्ये अडकून बसते. पुंगळीचे बूड पकडणारा पुंगळीधारकही तिच्या मापाचाच लागतो.

### वजनकाटा व दारूमापक

दारूचे वजन ग्रेन या एककात सांगितले जाते. १ पौंड म्हणजे ७,००० ग्रेन आणि १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४३ ग्रेन. पुनर्भरणाचा वजनकाटा ०.१ ग्रेनपर्यंत अचूक असावा लागतो. हे वजन सुमारे ६.५ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्यापेक्षाही बरेच कमी आहे. स्वयंपाकघरातील काटा या कामास चालत नाही.

दांडीचा यांत्रिक काटा संथ पण भरवशाचा असतो. त्याला वाऱ्याच्या झोतापासून जपावे लागते. इलेक्ट्रॉनिक काटा जलद असला तरी तापमान व विद्युत उपकरणांच्या प्रभावाने त्याचे शून्य सरकू शकते. शिवाय अनेक इलेक्ट्रॉनिक काट्यांत ग्रेन व ग्रॅम ही दोन्ही एकके असतात व कळ चुकून दाबली गेल्यास एकक बदलते. म्हणून काटा कोणताही असला तरी प्रमाण वजनांचा लहान संच सोबत घेऊन प्रत्येक वेळी काम सुरू करण्यापूर्वी तो तपासणे आवश्यक असते.

दारूमापक आकारमानाने दारू सोडतो. त्याने काम जलद होते, तरी तो वजनकाट्याच्या आधारे लावावा व अधूनमधून तपासावा लागतो. यामुळे काटा आधी घेऊन मापक नंतर घेतला तरी चालते.

### कॅलिपर व इतर साधने

पुंगळीची व तयार काडतुसाची लांबी मोजण्यासाठी ०.००१ इंचापर्यंत मोजणारा कॅलिपर लागतो. लहान पुंगळीत गोळी प्रमाणापेक्षा खोल बसली, तर दारूसाठी उरलेली जागा कमी होऊन दाब वाढतो. याखेरीज नरसाळे, पुंगळ्या उभ्या ठेवण्याची खाचांची फळी, पुंगळी कातरण्याचे साधन, तिच्या तोंडाची धार काढण्याचे साधन आणि चुकीचे काडतूस उकलण्यासाठी गोळी काढण्याची हातोडी ही साधने पहिल्या संचात धरली जातात. सुरक्षा चष्मा अनिवार्य मानला जातो. पुंगळ्या घोळवून चकाकवणारे यंत्र सोयीचे असले तरी आरंभी अत्यावश्यक नाही.

## धोके

पुनर्भरणातील दोन चुका विशेष घातक असतात. पहिली म्हणजे दुहेरी भरण. .३८ स्पेशल हे काडतूस मुळात काळ्या दारूसाठी घडवलेले असल्याने त्याची पुंगळी ऐसपैस आहे. धूरहीन दारूचे नेहमीचे प्रमाण तिचा लहानसा भागच व्यापते, त्यामुळे दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. अशा काडतुसाने बंदूक फुटू शकते. याउलट .३०८ सारख्या रायफल पुंगळीत नेहमीचे प्रमाणच बहुतेक जागा व्यापते, म्हणून दुप्पट दारू सहसा सांडते व चूक दिसते. पिस्तुलाचे काडतूस शिकण्यास सोपे असले, तरी दारूची पातळी पाहण्याची शिस्त त्यात अधिक लागते.

दुसरी चूक म्हणजे दारू भरायचीच राहणे. केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. हलका आवाज लक्षात न घेता पुढची गोळी झाडली, तर नळी फुगते वा फुटते. आवाज वेगळा वाटल्यास नेमबाजी थांबवून बंदूक रिकामी करून नळी मोकळी असल्याची खात्री करणे हा सर्वमान्य नियम आहे.

## साठवण व आरोग्य

मेजावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवली जाते आणि उरलेली दारू तिच्या मूळ डब्यात परत ओतली जाते. प्रायमर मूळ वेष्टणातच ठेवावे लागतात, कारण ते बरणीत एकत्र ठेवल्यास एकाच्या स्फोटाने सर्व उडू शकतात. अमेरिकेतील एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत धूरहीन दारू मूळ डब्यांत ठेवता येते. त्याहून अधिक व ५० पौंडांपर्यंतची दारू जाड लाकडी पेटीत ठेवावी लागते. घरात १०,००० पेक्षा अधिक प्रायमर ठेवण्यास मनाई आहे.

बहुतेक प्रायमरच्या अवशेषांत व गोळ्यांत शिसे असते. म्हणून कामाच्या जागी खाणे-पिणे टाळणे, हात धुणे आणि पुंगळ्या घोळवताना उडणारी धूळ श्वासात जाऊ न देणे आवश्यक ठरते.

## कायदेशीर स्थिती

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी भरल्यास मात्र उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. जर्मनीत स्फोटकविषयक कायद्याखाली प्रशिक्षण व परवानगी आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यापासून प्रायमरच्या खरेदीवरही निर्बंध आहेत.

भारतातील स्थिती याहून बरीच वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी परवाना अनिवार्य आहे. याच अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही अंतर्भूत आहे. त्यामुळे बंदुकीचा परवाना असणे म्हणजे घरी काडतूस भरण्याची मुभा असणे नव्हे. परदेशात हा छंद शिकलेल्या व्यक्तीने साधने भारतात आणण्यापूर्वी ही बाब लक्षात घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील नेमबाजांच्या यशाशी या छंदाचा थेट संबंध नाही. २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्निल कुसाळे या दोघांचा प्रकार ५० मीटर रायफल हा होता. या प्रकारात पुनर्भरण न होणारे .२२ रिमफायर काडतूसच वापरले जाते.