दार ठोठवावे तरी कोणाचे?

सावकाराच्या ओसरीवर ताटकळणारे कूळ आपल्या वाङ्मयात अनेकदा भेटते. त्या कुळाला निदान सावकाराचे तोंड तरी दिसत असे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेतील लक्षावधी गृहस्थांना तेही दिसले नाही. हप्त्यात सवलत मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केले, कागद धाडले, ते गहाळ झाले म्हणून पुन्हा धाडले. दर वेळी दूरध्वनीवर नवा माणूस आणि नवे उत्तर. या हेळसांडीचे मर्म जाणायचे तर त्याच देशाचा पूर्वेतिहास पाहावा लागतो.

१९२९ च्या महामंदीपूर्वी तेथे घरकर्जाची मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांचीच असे. मुदतीअखेर उरलेले मुद्दल एकरकमी फेडायचे किंवा कर्जाचे नूतनीकरण करून घ्यायचे, अशी रीत होती. मंदीत बँकाच बुडाल्या, नूतनीकरण थांबले आणि १९३३ च्या प्रारंभी दररोज सुमारे १,००० घरांवर जप्ती येऊ लागली. त्या वर्षी १३ जूनला, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ हे महामंडळ स्थापन झाले. सावकाराने दया दाखवावी, अशी याचना त्याने केली नाही. सावकाराला रोखे देऊन गहाणखतच विकत घेतले आणि ऋणकोला ५ टक्के व्याजाने १५ वर्षांची मुदत दिली. सुमारे १० लाख घरांना याचा लाभ झाला.

हे महामंडळ काही दानशूर नव्हते. जवळजवळ निम्मे अर्ज पदरात काही न पडताच राहिले, आणि पुढे सुमारे २ लाख घरे त्याने स्वतःच ताब्यात घेतली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जोखमीच्या ठरवून त्या लाल रंगात दाखवणारे नकाशेही त्यानेच तयार करविले. तथापि त्याच्या ऋणकोला एकच दार ठाऊक होते, आणि दाराआडचा अधिकारी निर्णय देऊ शकत होता.

१८ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी नवी योजना जाहीर केली. ३० ते ४० लाख कुटुंबांचा हप्ता त्यांच्या उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांपर्यंत उतरवावा, हा तिचा हेतू होता. परंतु एव्हाना कर्जांची गाठोडी बांधून ती रोख्यांच्या रूपाने गुंतवणूकदारांना विकली गेली होती. गृहस्थ जिला सावकार समजत होता ती बँक पुष्कळदा केवळ वसुली करणारी मुनीम होती. सवलत देण्यास माणूसबळ आणि वेळ लागे. थकबाकीवरचा दंड व जप्तीचे शुल्क मात्र मुनिमाच्या पदरी पडे. प्रत्येक सवलतीमागे सरकारने देऊ केलेले १,००० डॉलरचे प्रोत्साहन त्यापुढे तोकडे ठरले. दिवाळखोरीच्या न्यायालयाला राहत्या घराच्या कर्जाचे मुद्दल कमी करण्याचा अधिकार द्यावा, ही सूचना सेनेटने ३० एप्रिल २००९ रोजी ४५ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली. धाक दाखवण्याचे ते साधनही गेले.

परिणामी एका मेजावर सवलतीचा अर्ज तपासला जाई, तर दुसऱ्या मेजावर त्याच घराच्या लिलावाची तयारी चाले. न वाचता हजारो शपथपत्रांवर सह्या ठोकल्याचे प्रकार २०१० मध्ये उघडकीस आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी केंद्र सरकार व ४९ राज्यांशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. तिच्यात एक साधी अट होती : प्रत्येक अर्जदाराला बोलण्यासाठी एक ठरावीक माणूस द्यावा. वेळेत आलेल्या पूर्ण अर्जाचा निकाल लागेपर्यंत जप्ती पुढे रेटू नये, हा नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाला. तोवर अनेकांची घरे गेली होती. २०१६ च्या अखेरीस योजनेचे दार नव्या अर्जांना बंद झाले, तेव्हा कायम सवलत मिळालेल्यांची संख्या उद्दिष्टाच्या निम्म्याच्या आसपासच होती.

दोन्ही काळांत पैसा सरकारनेच ओतला. फरक पडला तो अधिकार कोणाच्या हाती राहिला यामुळे. दुसऱ्या वेळी किल्ली अशा मुनिमाकडे राहिली, ज्याचे घर गेल्याने काहीच जाणार नव्हते.