अललडुर्र: संहितेवाचून चाललेले नाटक

आजचा धागा कधीच लिहून न ठेवलेल्या संवादांविषयी.

उत्स्फूर्त नाटक करणारे गट आज ध्वनी-प्रकाशासाठी मुक्त सॉफ्टवेअर वापरू शकतात. ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, पुढे द्यावे. या मोकळिकांची मांडणी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1980 च्या दशकापासून केली. कळंब्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या सांगलीत मात्र नाटकाचा असाच एक साचा त्याआधी शतकभर वापरात होता.

5 नोव्हेंबर 1843. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. पदे भाव्यांची, ती सूत्रधाराने गायची. पद संपले की राम, सीता, रावण यांनी त्या प्रसंगाचे गद्य आपापल्या बुद्धीने बोलायचे. कथा पुराणातली, म्हणून सर्वांची. राक्षस आरडाओरडा करीत येत, आणि त्या आरोळीवरूनच पुढे लोक या खेळांना थट्टेने ‘अललडुर्र’ म्हणू लागले.

1851 मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला, आणि भावे मंडळी घेऊन फिरतीवर निघाले. 1853 मध्ये मुंबईत खेळ झाले. इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्यांनी तोच साचा उचलला.

1861 मध्ये वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. यात संवाद लिहिलेले. अशा नाटकांना ‘बुकिश’ हे नाव पडले, आणि प्रतिष्ठाही त्यांनाच मिळाली.

भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ 1885 मध्ये छापला गेला, पण त्यात आली ती पदे. नटांनी रात्रीमागून रात्री रचलेले गद्य कोणत्याच दप्तरात नाही. उरलेल्या अर्ध्यावरून आपण त्या नाटकाला प्राथमिक, बाळबोध ठरवतो. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो: साक्षीदारच हजर नसताना तो दिलेला आहे. आणि सॉफ्टवेअरशी लावलेली तुलनाही इथेच तुटते. सॉफ्टवेअरची संहिता वाचता येते. ही नटाच्या स्मरणात होती, शिकायची तर त्याच्या शेजारी उभे राहून.

ते शिक्षण पाहायचे असेल, तर गगनबावड्याहून करूळ घाट उतरून सिंधुदुर्गातल्या एखाद्या जत्रेत जावे. दशावताराच्या मंचावर एक बाक असतो, कधी सिंहासन, कधी कैलास. आख्यान कोणते आणि कोणाची भूमिका कोणती, हे आधी ठरते. संवाद मंचावर सुचतात. मागे पेटी आणि मृदंग. प्रेक्षकांतले कोणी मोबाइलवर चित्रण करते, आणि तेच आख्यान दुसऱ्या गावात वेगळ्या शब्दांत उभे राहते.