अयुत्थयाची भग्न बौद्ध मंदिरे

अयुत्थया : सयामच्या म्हणजे आजच्या थायलंडच्या जुन्या राजधानीचे नगर. ते बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किमी.वर, चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या नद्यांच्या संगमावर वसले आहे. नद्या आणि खोदलेले कालवे यांमुळे नगराला बेटाचे रूप आले. राजा ऊ थोंग (पहिला रामाधिपती) याने १३५० च्या सुमारास ते स्थापले आणि अयोध्येवरून त्याचे नाव ठेवले. १७६७ पर्यंत सयामचा कारभार मुख्यतः येथून चालला. येथील अवशेषांचा १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

पावसाळ्यात भोवतालची भातशेती पाण्याखाली जाई आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूला तळ हलवावा लागे. नगराची ही मोठी ढाल होती. तरीही ब्रह्मी सैन्याने १५६९ मध्ये ते एकदा जिंकले. राजपुत्र नरेसुअनने १५८४ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढचे शतक भरभराटीचे गेले. पोर्तुगीज, डच, जपानी, इराणी व चिनी व्यापाऱ्यांच्या वसाहती येथे नांदल्या. पोर्तुगिजांशी आलेल्या संबंधाचा धागा गोव्यापर्यंत पोहोचतो : १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कनेच पुढच्या वर्षी मलाक्का जिंकून अयुत्थयाच्या दरबारी दूत पाठवला. १७६६-६७ च्या वेढ्यात मात्र ब्रह्मी सैन्य पावसाळ्यातही उंचवट्यांवर तळ देऊन राहिले आणि एप्रिल १७६७ मध्ये नगर पडले.

मंदिरांच्या पडझडीचे सगळे खापर या लढाईवर फोडण्याची रीत आहे; ती अपुरी आहे. आग लागली, लूट झाली, सोने वितळवले गेले, हे खरेच. पण नवी राजधानी बँकॉक उभी राहत असताना (१७८२ नंतर) तटबंदीसाठी अयुत्थयाच्या विटा नावांत भरून नेल्या गेल्या, आणि अनेक बुद्धमूर्तीही नव्या मंदिरांत हलवल्या गेल्या. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गुप्तधनासाठी स्तूपांची पोटे फोडली गेली आणि पुराणवस्तूंच्या बाजारासाठी मूर्तींची शिरे कापली गेली. आज दिसणाऱ्या शिरविहीन बुद्धांच्या रांगांना ही चोरीही जबाबदार आहे. उरलेले काम पाण्याने आणि झाडांनी केले. बांधकाम विटांचे, त्यावर चुन्याचा गिलावा. गिलावा सुटला की विटांच्या सांध्यांत रोपे रुजतात आणि भिंत आतून फाकते.

वास्तूंचे दोन मुख्य प्रकार नजरेत भरतात. ‘प्रांग’ हा ख्मेर वळणाचा, कणसासारखा निमुळता मनोरा. ‘चेदी’ हा श्रीलंकेच्या परंपरेतून आलेला घंटाकृती स्तूप. १४३१ च्या सुमारास अयुत्थयाने ख्मेरांचे अंकोर जिंकले. तरी हरलेल्यांच्याच शैलीत जेत्यांनी आपली मंदिरे बांधली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वाट महाथात (‘वाट’ म्हणजे मंदिर; स्थापना १३७४) हे बुद्धाचे अस्थिधातू जपणारे नगरातील प्रमुख मंदिर. त्याचा मुख्य प्रांग १९११ मध्ये, म्हणजे १७६७ च्या लढाईनंतर जवळजवळ दीड शतकाने, कोसळला. झाडाच्या मुळांनी वेढलेले वालुकाश्माचे बुद्धशीर येथेच आहे. धड नाही, मुळांच्या विळख्यातून फक्त चेहरा दिसतो, तोही जमिनीपासून थोड्याच उंचीवर. म्हणून छायाचित्र घेणाऱ्याने खाली बसावे, आपले डोके बुद्धाच्या शिरापेक्षा वर राहू देऊ नये, असा येथील दंडक आहे.

शेजारचे वाट रात्चबुराना हे सर्वांत आवर्जून पाहावे असे. गादीसाठी दोन थोरले भाऊ हत्तीवरून लढले आणि दोघेही मारले गेले. राज्य मिळालेल्या धाकट्या भावाने, दुसऱ्या बोरोम्मराचाने (चाओ साम फ्राया), १४२४ मध्ये त्यांच्या दहनस्थळी हे मंदिर बांधले. १९५७ मध्ये चोरांनी प्रांगाच्या तळघरात शिरून सोन्याचा मोठा साठा लांबवला. त्यानंतर ललित कला विभागाने केलेल्या उत्खननात राजखड्ग, रत्नजडित सुवर्णहत्ती, शिरोभूषणे आणि असंख्य लहान बुद्धप्रतिमा हाती लागल्या. अरुंद, खड्या जिन्याने तळघरात उतरता येते; तेथील भिंतींवर पंधराव्या शतकातील चित्रांचे विरत चाललेले रंग अजून दिसतात.

वाट फ्रा सी सानफेत हे राजवाड्याच्या आवारातील मंदिर. येथे भिक्षू राहत नसत. बँकॉकच्या वाट फ्रा केओने हाच आदर्श ठेवला. ओळीने उभ्या तीन चेदींमध्ये राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या. १५०० मध्ये घडवलेली सुमारे १६ मी. उंचीची सुवर्णमंडित उभी मूर्ती १७६७ मध्ये सोन्यासाठी जाळली गेली. शेजारच्या विहारात फ्रा मोंखोन बोफित ही भव्य कांस्यमूर्ती आहे. हा विहार १९५० च्या दशकात पुन्हा बांधताना ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी देणगी दिली होती.

चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावरचे वाट चायवत्थनाराम (१६३०) राजा प्रासात थोंगने बांधले. मधला प्रांग सुमारे ३५ मी. उंच असून भोवती लहान प्रांग आहेत. २०११ च्या महापुरात हा परिसर पाण्याखाली गेला होता. २०१८ च्या एका लोकप्रिय थाई मालिकेनंतर पारंपरिक पोशाख घालून येणाऱ्या थाई पर्यटकांची येथे रीघ लागली. लोपबुरी नदीपल्याडचे वाट ना फ्रा मेन १७६७ च्या विध्वंसातून वाचले. राजवेषातील बुद्धमूर्ती तेथे जागेवर पाहता येते.

बँकॉकहून रेल्वेने दीड-दोन तासांत येथे पोहोचता येते. स्थानकाजवळून होडीने पा साक ओलांडली की बेटावर सायकली भाड्याने मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. ही स्थळे पडकी असली तरी पूजनीय आहेत : भाविक मूर्तींना भगवे वस्त्र गुंडाळतात, उदबत्ती लावतात. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, विटांच्या भिंतींवर चढू नये. रात्चबुरानातील सुवर्णवस्तू चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात (उद्‌घाटन १९६१) आहेत. हे संग्रहालय त्याच तळघरातील लहान बुद्धप्रतिमा देणगीदारांना देऊन उभारलेल्या पैशातून बांधले गेले. मंदिर पाहिलेल्याने ते पाहिल्याशिवाय परत फिरू नये.