व्हाइट आयलंड : जागृत ज्वालामुखीवरची सहल

न्यूझीलंडच्या उत्तर बेटापासून सुमारे ४८ किलोमीटर अंतरावर, समुद्रात व्हाइट आयलंड हा जागृत ज्वालामुखी आहे. 'फाकारी' हे त्याचे माओरी नाव. पाण्यावर दिसतो तो ३२१ मीटर उंचीचा माथा. पर्वताचा बहुतांश भाग समुद्राखाली आहे. त्यामुळे बोटीतून उतरलेले पर्यटक फारशी चढण न चढता थेट विवरात पोहोचत. सहल कंपन्यांना यापेक्षा सोयीचा ज्वालामुखी शोधून सापडला नसता.

१८ नोव्हेंबर २०१९ रोजी धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेण्यात आली. प्रत्यक्ष उद्रेक सुरू नसताना दिली जाणारी ही सर्वोच्च पातळी होय. तरीही सहली सुरूच राहिल्या. ९ डिसेंबरला दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी स्फोट झाला, तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यांतील बहुतेक एकाच प्रवासी जहाजावरून आलेले. २२ जण मृत्युमुखी पडले, उरलेले २५ जखमी झाले.

बळी घेतले ते लाव्हाने नव्हे. भूगर्भात तापलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ झाली, की तिच्या दाबाने राख व दगड बाहेर फेकले जातात. अशा स्फोटाची पूर्वसूचना क्वचितच मिळते. पर्यटकांना शिरस्त्राणे आणि वायूपासून बचावासाठी मुखवटे दिले जात. तप्त राख व वाफेच्या लोटापुढे त्यांचा कितीसा उपयोग? या दुर्घटनेनंतर बेटावर पर्यटक उतरवणे बंद झाले.